कोपराच्या शिरेतून हृदयापर्यंत

भिवंडी, प्रतिनिधी

मुंबई-नाशिक महामार्गावर रात्री-अपरात्री एखाद्या दुचाकीस्वाराला ट्रकची धडक बसते, किंवा यंत्रमागाच्या पट्ट्यात एखाद्या कामगाराचा हात सापडतो. जखमीला रुग्णालयाच्या अपघात विभागात आणले जाते, तेव्हा नातेवाइकांच्या नजरा डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे लागलेल्या असतात. डॉक्टरांची नजर मात्र रुग्णाच्या हातावर खिळलेली असते. त्या हातात शीर सापडते आहे का, ती किती जाड सुई सामावून घेईल आणि ती मिळालीच नाही तर दुसरी वाट कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिल्या दोन-चार मिनिटांत मिळावी लागतात. रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरा आकसून दिसेनाशा होतात. ज्याला सलाइनची आणि रक्ताची सर्वाधिक निकड असते, त्याचीच शीर सर्वांत अवघड सापडते. आणीबाणीच्या वैद्यकातील हा जुना पेच आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीतील पटेल कंपाउंड परिसरात जिलानी इमारत पहाटेपूर्वी कोसळली आणि तीसहून अधिक जणांचे प्राण गेले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट होतो. दीर्घकाळ दबलेल्या स्नायूंमध्ये साचलेली घातक द्रव्ये, विशेषतः पोटॅशियम, वरचा भार हटताच रक्तात मिसळतात आणि हृदय अचानक बंद पडू शकते. म्हणूनच शक्य असेल तेथे भार उचलण्यापूर्वीच सलाइन सुरू करावे, असे आपत्ती-वैद्यक सांगते. त्यासाठी हवी असते केवळ एक शीर, आणि ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एखादा हात किंवा पाय.

शरीराच्या रक्तप्रवाहात शिरण्याच्या या वाटा माणसाला एका दिवसात सापडल्या नाहीत. त्यांपैकी सर्वांत लांबची आणि सर्वांत भीतिदायक वाट, म्हणजे शिरेतून थेट हृदयापर्यंत जाणारी, एका पंचविशीतील जर्मन डॉक्टरने स्वतःच्या शरीरावर चालून पाहिली. त्याचे नाव वेर्नर फोर्समान. आज जगभरातील अतिदक्षता विभागांत मानेतून वा गळपट्टीच्या हाडाखालून ज्या नळ्या घातल्या जातात, त्यांच्या मुळाशी या माणसाचे साहस आहे. मात्र त्या साहसाची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. त्याच्या आयुष्यात अभिमानाने सांगाव्यात अशा गोष्टी आहेत, तशाच मान खाली घालायला लावणाऱ्याही आहेत.

फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिन येथे झाला. वडील ज्युलियस पेशाने वकील होते. पहिल्या महायुद्धात ते कामी आले, तेव्हा वेर्नर शाळकरी वयाचा होता. आई एमी यांनी नोकरी केली आणि आजीने नातवाला सांभाळले. घरात शिस्त होती, पैसा बेताचाच होता. शालेय शिक्षण संपवून १९२२ मध्ये त्याने बर्लिन विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आणि १९२९ मध्ये अंतिम परीक्षा उत्तीर्ण केली.

विद्यार्थिदशेतच या तरुणाच्या स्वभावाचा एक पैलू दिसून आला होता. प्रबंधासाठी त्याने यकृताच्या अर्काचा रक्तावर होणारा परिणाम अभ्यासायला घेतला, आणि तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. जे रुग्णाला द्यायचे ते आधी स्वतःवर करून पाहावे, अशी त्याची धारणा होती. अंतर्गत वैद्यकात काम करण्याची त्याची इच्छा होती. परंतु तशी जागा मिळाली नाही. अखेर बर्लिनपासून फार दूर नसलेल्या एबर्सवाल्ड या गावातील ऑगुस्त व्हिक्टोरिया रुग्णालयात तो शल्यविभागात उमेदवारी करू लागला. हे एक लहानसे रुग्णालय होते. मोठ्या संशोधनाची तेथे कोणी अपेक्षाही केली नसती.

त्या काळी हृदय ही शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने जवळजवळ निषिद्ध भूमी होती. शिरेतून क्षारद्रावण देण्याची कल्पना तशी जुनी. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लाटा यांनी पटकीने निपचित पडलेल्या रुग्णांना शिरेतून मिठाचे पाणी देऊन त्यांपैकी काहींना शुद्धीवर आणले होते. परंतु हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत हातापायाच्या शिरेतून दिलेले औषध संथ रक्ताभिसरणामुळे वाटेतच रेंगाळे. अशा वेळी डॉक्टर छातीच्या पिंजऱ्यातून लांब सुई थेट हृदयात खुपसून औषध टोचत. त्यात फुफ्फुसाला भोक पडणे, हृदयाची रक्तवाहिनी फाटणे, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचणे असे धोके होते. रुग्णाला वाचविण्याचा उपायच त्याचा घात करू शकत असे.

यापेक्षा सुरक्षित वाट असली पाहिजे, असे तरुण फोर्समान यांना वाटू लागले. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शरीरक्रियातज्ज्ञांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून नळी सरकवून त्याच्या हृदयातील दाब मोजला होता. त्या प्रयोगाचे चित्र त्यांनी पाहिले होते. घोड्याला या नळीने काही इजा झाली नव्हती. मग माणसाला का व्हावी? घोड्याच्या मानेऐवजी माणसाच्या कोपराच्या खोबणीतील शीर घेतली, तर मोठी शस्त्रक्रिया न करता त्याच वाटेने हृदयापर्यंत पोचता येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. मूत्रमार्गाच्या तपासणीसाठी वापरली जाणारी बारीक, लवचिक नळी रुग्णालयात होतीच.

विभागप्रमुख डॉ. रिचर्ड श्नायडर यांच्यापुढे त्यांनी हा विचार मांडला. श्नायडर यांचा या तरुणावर लोभ होता, पण त्यांनी परवानगी साफ नाकारली. रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही, अशी ताकीद दिली. वडील गमावलेल्या या एकुलत्या एक मुलाच्या आईला आपण काय तोंड दाखवणार, ही चिंता त्यामागे होती असे सांगतात.

फोर्समान यांनी ताकीद मानली नाही. निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाच्या किल्ल्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्याकडे असत. फोर्समान यांनी दिवसचे दिवस त्यांच्याशी या कल्पनेविषयी चर्चा केली. शेवटी त्या इतक्या प्रभावित झाल्या की, प्रयोग आपल्यावरच करावा, असे त्यांनी स्वतःहून सुचविले. १९२९ च्या उन्हाळ्यातील एका दुपारी, बाकीचे रुग्णालय विश्रांती घेत असताना, फोर्समान यांनी त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले आणि त्यांच्या हाताला जंतुनाशक लावून तयारीचा देखावा केला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूस वळून त्यांनी स्वतःच्या डाव्या कोपराची जागा बधिर केली, शीर उघडी केली आणि नळी आत सरकवायला सुरुवात केली. आपण फसवलो गेलो, हे डिट्झेन यांच्या ध्यानात आले तेव्हा नळी बरीच आत गेलेली होती.

नळी आत गेली असली तरी ती कुठे आहे याचा पुरावा हवा होता. दोघे जिने उतरून तळघरातील क्ष-किरण कक्षात गेले. नळीचे एक टोक शरीरात आणि दुसरे बाहेर लोंबत असलेल्या अवस्थेत फोर्समान चालत होते. त्यांचा सहकारी पीटर रोमाइस तेथे धावत आला आणि नळी ओढून काढण्याचा प्रयत्न करू लागला. त्याला दूर लोटून फोर्समान यंत्रासमोर उभे राहिले. परिचारिकेने आरसा धरला. त्यात पडद्यावरची प्रतिमा पाहत त्यांनी नळी पुढे सरकविली. पासष्ट सेंटिमीटर आत गेल्यावर तिचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात दिसले. क्ष-किरण छायाचित्र घेण्यात आले. शरीरात किंचित ऊब जाणवली, याखेरीज त्यांना कोणताही त्रास झाला नाही.

श्नायडर प्रथम संतापले, पण छायाचित्र पाहिल्यावर त्यांना या कामाचे मोल कळले. पुढे पोटात पू होऊन मरणपंथाला लागलेल्या एका स्त्रीवर त्यांनी हा मार्ग वापरू दिला. नळीतून ग्लुकोजचे द्रावण आणि हृदयाला चालना देणारी औषधे देण्यात आली. तिची अवस्था काही काळ सुधारली, परंतु ती वाचू शकली नाही. तरीही मूळ हेतू सिद्ध झाला होता. अत्यवस्थ रुग्णाच्या हृदयाजवळ औषध पोचविण्यासाठी छातीत सुई खुपसण्याची गरज नव्हती. नोव्हेंबर १९२९ मध्ये क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट या जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

इथून कौतुकाचा वर्षाव सुरू व्हायला हवा होता. घडले उलटेच. बर्लिनच्या प्रख्यात शारिटे रुग्णालयात ते तेव्हा बिनपगारी काम करीत होते. तेथील प्रमुख, जर्मन शल्यविश्वातील दबदबा असलेले फर्डिनांड झावरब्रुख यांनी या प्रयोगाची सर्कशीतील कसरत म्हणून संभावना केली आणि त्यांना काढून टाकले. वृत्तपत्रांनी सनसनाटी बातम्या छापल्या. अशी नळी आपण आधीच वापरली होती, असा दावा बर्लिनचे शल्यचिकित्सक अर्न्स्ट उंगर यांनी केला. फोर्समान एबर्सवाल्डला परतले. त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत. नळीवाटे हृदयात रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणावर हृदयाची प्रतिमा मिळविण्याचा प्रयत्न त्यांनी आधी कुत्र्यांवर आणि नंतर स्वतःवर केला. हे कुत्रे काही काळ त्यांच्या आईच्या घरात ठेवले जात. स्वतःच्या हृदयात त्यांनी एकूण नऊ वेळा नळी घातली. दरम्यान १९३० मध्ये प्राग येथे ओटो क्लाइन यांनी हा मार्ग रुग्णांवर वापरून हृदय दर मिनिटास किती रक्त बाहेर टाकते याचे मापन केले. मायदेशात मात्र फोर्समान यांना संशोधनासाठी जागा मिळाली नाही. शारिटेमध्ये त्यांना पुन्हा घेण्यात आले आणि पुन्हा काढण्यात आले.

माइंझ येथे काम करीत असताना त्यांची डॉ. एल्सबेट एंगेल यांच्याशी ओळख झाली. १९३३ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे त्यांना सहा अपत्ये झाली. हृदयाची वाट बंद झाल्याने फोर्समान मूत्ररोगशास्त्राकडे वळले आणि बर्लिन व ड्रेस्डेन येथील रुग्णालयांत त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काम केले. ज्या नळीने ते हृदयापर्यंत पोचले होते, ती आता तिच्या मूळ कामासाठी त्यांच्या हातात आली होती.

त्यांच्या चरित्रातील काळी बाजू याच काळातली. १९३२ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले आणि पक्षाच्या पतनापर्यंत सभासद राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले व मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचले. युद्धाच्या अखेरीस सोव्हिएत फौजांच्या हाती लागू नये म्हणून ते एल्बे नदी पोहून पार झाले आणि अमेरिकनांच्या कैदेत गेले. सुटकेनंतर पक्षसभासदत्वामुळे त्यांना काही वर्षे वैद्यकीय व्यवसाय करण्यास मनाई होती. ब्लॅक फॉरेस्ट भागातील वाम्बाख या खेड्यात पत्नी ग्रामीण दवाखाना चालवीत होत्या आणि त्यावर घर चालत होते. १९५० पासून बाड क्रॉइत्स्नाख या गावी या दांपत्याने मूत्ररोगांचा दवाखाना सुरू केला. एक प्रयोग करून विस्मृतीत गेलेला गावचा डॉक्टर, एवढीच त्यांची ओळख उरली होती.

इकडे अटलांटिकपलीकडे त्यांच्या जुन्या लेखाचे बीज रुजले होते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मूळचे फ्रेंच असलेले आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी हृदयात नळी घालण्याचे तंत्र १९४० च्या दशकात पद्धतशीर विकसित केले. युद्धकाळात त्यांनी याच तंत्राने गंभीर जखमा आणि रक्तस्राव झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. असा रुग्ण आघातावस्थेत का जातो, हृदयाकडे परतणारे रक्त किती घटते आणि ते भरून काढल्यावर काय फरक पडतो, याचे आकडे प्रथमच हाती आले. जखमीला वेळेत रक्त व द्रव देण्याच्या आजच्या विचाराला या अभ्यासाने बळ दिले.

१९५६ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कूर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान यांना विभागून जाहीर झाले. गावचा मूत्ररोगतज्ज्ञ एका दिवसात जगप्रसिद्ध झाला. परंतु सत्तावीस वर्षे लोटली होती. हृद्रोगशास्त्र इतके पुढे गेले होते की, ज्या क्षेत्राचा पाया त्यांनी घातला, त्यात परत शिरणे त्यांना शक्य नव्हते. १९५८ मध्ये ते ड्यूसेलडॉर्फच्या इव्हँजेलिकल रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख झाले. १९७२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १ जून १९७९ रोजी शोफहाइम येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूचे कारण हृदयविकार हेच होते.

त्यांनी उघडलेली वाट पुढे अनेकांनी रुंद केली. १९५२ मध्ये फ्रेंच डॉक्टर रोबेर ओबान्याक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेत सुई घालण्याची पद्धत मांडली. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकविण्याची युक्ती शोधली. १९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांनी टोकाला फुगा असलेली, रक्तप्रवाहाबरोबर वाहत फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत जाणारी नळी आणली. अतिदक्षता विभागात सेंट्रल लाइन हा परवलीचा शब्द झाला.

मात्र हृदयाच्या जवळची वाट ती सर्वांत वेगवान, असा समज झाला तर तो चुकीचा ठरेल. रक्तस्रावाने कोसळलेल्या रुग्णाला कमी वेळात अधिक द्रव हवा असतो, आणि येथे पदार्थविज्ञानाचा नियम आड येतो. नळीतून वाहणारा संथ प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि लांबी वाढली की तो घटतो. त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो. म्हणून लांब, बारीक सेंट्रल लाइनपेक्षा हाताच्या शिरेतील आखूड आणि जाड इंट्राकॅथ अधिक वेगाने रक्त पोचवते. वॉर्डात सर्रास दिसणारी गुलाबी वा निळी इंट्राकॅथ अपघातग्रस्ताला पुरत नाही. त्याला करड्या किंवा नारिंगी रंगाची, म्हणजे सोळा वा चौदा क्रमांकाची, आणि तीही दोन्ही हातांत एकेक, असा जगभरचा संकेत आहे. क्रमांक जितका लहान, तितकी सुई जाड.

शीर सापडलीच नाही, तर? येथे आणखी एक विस्मृतीतली वाट परत आली आहे. ती हाडातून जाते. हाडातील मज्जेच्या शिरा भोवतालच्या कठीण कवचामुळे आघातावस्थेतही मिटत नाहीत. १९२२ मध्ये अमेरिकेत सेसिल ड्रिंकर यांनी या मार्गाचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात रणभूमीवर तो वापरला गेला आणि प्लॅस्टिकच्या नळ्या आल्यावर मागे पडला. त्याच्या पुनरुज्जीवनात भारताचा वाटा आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जेम्स ऑर्लोव्स्की यांनी भारतात पटकीच्या साथीत ही पद्धत मुलांसाठी वापरली जात असल्याचे पाहिले आणि १९८४ मध्ये तिचा जोरदार पुरस्कार केला. आज नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकात किंवा खांद्याजवळ दंडाच्या हाडात छोट्या ड्रिलने सुई बसवायला मिनिटभरही पुरते. ते हाड मोडलेले नसावे, एवढे मात्र पाहावे लागते.

म्हणून आजचा क्रम असा आहे. प्रथम हाताच्या शिरेत जाड इंट्राकॅथ. एक-दोन प्रयत्नांत ती न बसल्यास वेळ न दवडता हाड. आणि रुग्ण काहीसा सावरल्यावर, रक्तदाब टिकविणारी तीव्र औषधे दीर्घकाळ द्यायची असतील तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सेंट्रल लाइन. या शेवटच्या वाटेला फुफ्फुसाला इजा, चुकून धमनी टोचली जाणे आणि जंतुसंसर्ग असे धोके आहेत. त्यामुळे गरज संपताच ती काढणे हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढांत शीर आधी की हाड आधी, याची तुलना ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही मोठ्या अभ्यासांत हाडाची वाट सरस ठरली नाही. शीर मिळत असेल तर शीरच घ्यावी, हा जुना संकेत त्यामुळे कायम राहिला.

फोर्समान यांच्याविषयी निवाडा सोपा नाही. त्यांनी वरिष्ठांची आज्ञा मोडली आणि विश्वासाने स्वतःला स्वाधीन करणाऱ्या परिचारिकेची फसवणूक केली. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने त्यांना दारात उभे केले नसते. नाझी पक्षाच्या सभासदत्वाचा डाग नोबेलच्या झळाळीने पुसला जात नाही. तरीही, पहिला धोका रुग्णाने नव्हे तर डॉक्टरने पत्करावा, या त्यांच्या आग्रहाचे मोल कमी होत नाही.

भिवंडीसारख्या शहरातील अत्यवस्थ जखमीला अनेकदा ठाणे किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. वाटेत राजणोली आणि माणकोली नाक्याची कोंडी असते. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, त्यामागे उपचार वाटेतच सुरू व्हावेत हाच हेतू होता. निघण्यापूर्वी त्या जखमीच्या हातात दोन जाड सुया पक्क्या बसल्या असतील, तर कोंडीत गेलेली वीस मिनिटे त्याला कदाचित झेपतील. नसतील, तर पुढच्या रुग्णालयातील कितीही अद्ययावत यंत्रणा त्याला उशिराच भेटेल. एबर्सवाल्डच्या त्या तळघरात एक तरुण डॉक्टर जो प्रश्न घेऊन उतरला होता, तोच प्रश्न आज रात्रीही कोणत्या तरी अपघात विभागात कोणी तरी डॉक्टर सोडवीत असेल. रुग्णाच्या रक्तापर्यंत लवकरात लवकर आणि कमीत कमी इजेने कसे पोचायचे?